एक चक्कर कमी: इंदुरात कुणाला सरकारी दवाखान्यात नेताना

सरकारी दवाखान्यात उपचार फुकट असतात, असं सगळेच म्हणतात. म्हणणाऱ्याची रोजी बुडत नसते, एवढंच. आमच्या रामबागेतल्या घरी भांडी-फरशीला येणाऱ्या मावशी पोटातल्या गाठीसाठी पाच वेळा दवाखान्यात गेल्या, तेव्हा कुठे सहाव्यांदा त्यांच्यावर उपचार सुरू झाले. पहिल्या दिवशी आधार घरी राहिलं. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीची नावनोंदणी संपली होती. तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली, पण ती बघणाऱ्या डॉक्टरांचा वार वेगळा होता. चौथ्या दिवशी कार्डावरचं नाव जुळेना. पाचव्या दिवशी पहिल्या दिवशीची पर्ची (केस पेपर) सापडेना. औषधाला त्यांचा एक पैसा गेला नाही, पण चार घरचे पाच-पाच खाडे झाले, दोन घरांनी पगार कापला आणि एका घराने दुसरी बाई लावली.

मी तेव्हा बँकेतून नुकतीच निवृत्त झाले होते. सहाव्या दिवशी त्यांच्यासोबत गेले ती खरं तर इतका वेळ लागतो कशात, हे बघायला. तेव्हापासून महिन्यातून तीन-चार वेळा कुणा ना कुणासोबत जाते. तुम्ही नोकरीसाठी इंदुरात नवे आला असाल, किंवा इथलेच असूनही सरकारी दवाखान्याची पायरी कधी चढला नसाल, आणि कामाच्या मावशी, सोसायटीचा चौकीदार, बांधकामावरचं खानदेशी कुटुंब यांच्यासाठी काही करावंसं वाटत असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. आपल्याला डॉक्टरकी करायची नाही आणि पैसेही फारसे लागत नाहीत. त्या माणसाची एक चक्कर कमी कशी होईल, एवढंच प्रत्येक पायरीवर बघायचं.

पायरी १: आदल्या संध्याकाळी नीट बोलून घ्या

दवाखान्यात डॉक्टरांना एका माणसासाठी दोन-तीन मिनिटं मिळतात. त्यात आपल्या माणसाला हिंदीत दुखणं सांगायचं असतं. जळगाव, धुळे, बऱ्हाणपूरकडून आलेल्या बायका बाजारातलं हिंदी झकास बोलतात, पण शरीराचं हिंदी त्यांना येत नाही. एका मुलीने डॉक्टरांना सांगितलं, ‘बदन से सफेद जाता है.’ तिला म्हणायचं होतं अंगावरून पांढरं जातं. डॉक्टरांना वाटलं कातडीवरचे पांढरे डाग. तिला त्वचेच्या ओपीडीत धाडलं आणि तिथली रांग संपेपर्यंत बायकांची ओपीडी बंद झाली. एक दिवस गेला.

म्हणून आदल्या दिवशी मराठीत, किंवा अहिराणीत बोलत असतील तर तसं, सगळं ऐकून घ्या आणि एका कागदावर हिंदीत लिहा. अंगावरून पांढरं जाणं म्हणजे ‘सफेद पानी’. धाप लागते म्हणजे ‘सांस फूलती है’. मळमळतं याला ‘जी मिचलाता है’ म्हणा. आपले लोक घाईत ‘घबराहट’ म्हणतात आणि मग छातीच्या तपासण्या सुरू होतात. मुरडा म्हणजे ‘मरोड़’. फिट म्हणजे ‘दौरा’ किंवा ‘मिर्गी’. किती दिवसांपासून, हे तर लिहाच. ‘पोळ्यापासून दुखतंय’ या उत्तराचे महिने मोजून आकडा काढणं हे आपलं काम.

आपल्यात दुखणं अंगावर काढायची सवय मोठी आहे. त्यामुळे ‘अजून काय होतं?’ हे तीनदा विचारा. तिसऱ्यांदा विचारल्यावर खरी गोष्ट बाहेर येते. ती ऐकायला शेजारी नवरा किंवा सासू नसलेली बरी. आणि जे ऐकलं ते आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर जाता कामा नये. मदतीच्या आवाहनातसुद्धा नाव, फोटो, आधारचा फोटो टाकू नका.

याच बोलण्यात कळतं की हे उद्यावर टाकण्यासारखं आहे की नाही. छातीत दाबल्यासारखं दुखणं, एका बाजूचा हात-पाय किंवा तोंड लुळं पडणं, गरोदरपणात रक्त जाणं, श्वास न पुरणं, साप चावणं, शुद्ध हरपणं, यातलं काही असेल तर पिशवी, कार्ड, पर्ची सगळं बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. कागद मागून नेता येतात.

पायरी २: पिशवी

दोरीची प्लॅस्टिक फाइल घ्या आणि त्यात आधार, समग्र आयडीचा (मध्य प्रदेशातला कुटुंबाचा सरकारी क्रमांक) कागद, राशनची पात्रता पर्ची, आयुष्मान कार्ड असेल तर ते, बँकेचं पासबुक, या सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स आणि दोन फोटो ठेवा. जुने रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावा. चालू गोळ्यांची नावं कुणालाच आठवत नाहीत, म्हणून रिकामी पाकिटंच घ्या. सुटे पैसे, पाण्याची बाटली. आणि आधारला जोडलेला नंबर ज्या मोबाइलमध्ये आहे तो मोबाइल, चार्ज केलेला. बऱ्याच घरांत तो नंबर नवऱ्याच्या खिशात असतो आणि नवरा पीथमपूरला कारखान्यात पाळीवर. ओटीपी आला की आकडे फोनवर सांगायला त्याला तयार ठेवा.

आता इंदूरकरांना न पटणारी गोष्ट. सकाळी पोहे खाऊन निघू नका. रक्तातली साखर उपाशीपोटी बघतात आणि पोटाची सोनोग्राफीही बहुधा उपाशीपोटीच होते. पोहे खाऊन गेलात तर ‘उद्या या’ हे ठरलेलं. डबा बरोबर घ्या, रक्त दिलं की तिथेच बाकावर बसून खा. ओटीपोटाच्या सोनोग्राफीला मात्र लघवी साठवून ठेवावी लागते, तेव्हा रांगेत असतानाच पाणी प्यायला लावा. एकच अपवाद आहे. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्याला स्वतःच्या मनाने उपाशी नेऊ नका. आधी जवळच्या क्लिनिकात विचारून घ्या.

पायरी ३: नाव

सगळ्यात जास्त चकरा इथे वाया जातात, म्हणून यावर थोडं सविस्तर लिहिते.

मध्य प्रदेशात प्रत्येक कुटुंबाचा समग्र आयडी असतो. कुटुंबाचा आठ आकड्यांचा, प्रत्येक माणसाचा नऊ आकड्यांचा. राशन, संबल (असंघटित कामगारांची राज्याची योजना), बाळंतपणाची मदत, आयुष्मान, सगळ्यांची दोरी या आकड्याला बांधलेली आहे. महाराष्ट्रातून आलेल्यांना हा प्रकार माहीतच नसतो. आणि गोंधळ नावात होतो. आपल्याकडे आधारवर स्वतःचं, नवऱ्याचं आणि आडनाव असं तीन मजली नाव असतं. इथे समग्रमध्ये तीच बाई नुसती ‘सुनीता बाई’ असते. कधी आधारवर माहेरचं नाव आणि समग्रमध्ये सासरचं, कधी जन्मसाल दोन वर्षांनी पुढे-मागे. संगणकाला या दोन वेगळ्या बायका वाटतात.

उपाय कंटाळवाणा आहे, पण एकदाच करावा लागतो. आधी आधार बरोबर करा. मग आधारप्रमाणे समग्रची ई-केवायसी करा, म्हणजे दोन्हीकडची ओळख जुळवून घ्या. ती ऑनलाइन होते किंवा एमपी ऑनलाइनच्या दुकानात, नाहीतर वॉर्डाच्या झोन कार्यालयात. हा क्रम उलटा केला तर समग्रचं काम पुन्हा करावं लागतं. हे काम माणूस धडधाकट असताना करा. भरती झाल्यावर नाव दुरुस्त करायला धावणं म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणं.

आता आयुष्मान कार्ड. ही योजना २०१८ च्या सप्टेंबरात सुरू झाली. पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे भरतीचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. घरात माणसं किती याला मर्यादा नाही आणि जुना आजारही पहिल्या दिवसापासून धरला जातो. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेत जी कुटुंबं वंचित म्हणून नोंदली गेली ती पात्र आहेतच. मध्य प्रदेशात राशनची पात्रता पर्ची आणि संबल असलेली कुटुंबंही यात आहेत. आशा आणि अंगणवाडीच्या बायकांनाही २०२४ पासून यात घेतलं आहे, आणि गंमत म्हणजे दुसऱ्यांची कार्डं काढून देणाऱ्या यांतल्या कित्येकींनी स्वतःचं काढलेलं नसतं. विचारून बघा.

कार्ड आयुष्मान ॲपवर घरबसल्या निघतं. राज्य निवडायचं, आधार किंवा समग्र क्रमांकाने नाव शोधायचं, ओटीपी, फोटो, झालं. कुटुंबातल्या प्रत्येकाचं वेगळं कार्ड काढा, आजारी माणसाचंच नव्हे. भांडी घासून किंवा सिमेंट कालवून बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि मशीन ते घेत नाही. अशा वेळी डोळ्याने किंवा चेहऱ्याने ओळख पटवायची सोय असते, तीच मागा. कार्डाला पैसे लागत नाहीत. कुणी दोनशे मागत असेल तर दुकान बदला.

तीन गोष्टींत लोक हमखास फसतात. पहिली म्हणजे आभा आणि आयुष्मान एकच समजणं. आभा हा चौदा आकड्यांचा आरोग्य खात्याचा क्रमांक आहे. तो कुणालाही काढता येतो, रिपोर्ट एका जागी ठेवायला आणि काही दवाखान्यांत पर्ची पटकन काढायला उपयोगी पडतो. त्यावर उपचार फुकट होत नाहीत. एका मामांनी वर्षभर आभाचं कार्ड लॅमिनेट करून खिशात सांभाळलं होतं आणि भरतीच्या वेळी तेच पुढे केलं. दुसरी, सत्तरी ओलांडलेल्यांची. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० आणि त्यापुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वय वंदना कार्ड मिळतं. घरच्यांचं आयुष्मान आधीच असेल तर म्हाताऱ्या माणसासाठी वेगळे ५ लाख. त्याला आधारवरचं वय पुरतं. तिसरी, महाराष्ट्रातून आलेल्यांची. तिकडचं आयुष्मान कार्ड इथल्या योजनेतल्या रुग्णालयात चालतं, त्यासाठी इथे नवं काढायची गरज नाही. निव्वळ महात्मा फुले योजनेचा हक्क मात्र महाराष्ट्रापुरता आहे असंच धरून चाला.

पायरी ४: कुठे जायचं

इंदुरात कुणाला बरं नाही म्हटलं की तोंडातून ‘एमवाय’ निघतं. महाराजा यशवंतराव होळकरांच्या नावाचं हे सात मजली रुग्णालय एमजीएम मेडिकल कॉलेजचं आहे. कॉलेज १९४८ चं असलं तरी इथली वैद्यकीय शाळा १८७८ ची. धार, झाबुआ, अलिराजपूर, बडवानी, खरगोनपासून लोक इथे येतात, तेव्हा सर्दी-खोकल्यासाठी त्या रांगेत उभं राहणं हा आपल्या माणसाच्या दिवसावरही अन्याय आणि अलिराजपूरहून रात्रभर बसने आलेल्यावरही.

ताप, खोकला, बीपी, साखर, खरूज, लहान मुलांच्या लसी यांसाठी वस्तीजवळचं मुख्यमंत्री संजीवनी क्लिनिक किंवा शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र. गर्दी कमी, औषध फुकट. बीपी-साखरेच्या गोळ्या ठरल्या असतील तर महिनाभराच्या मागा. आठवड्याच्या दिल्या तर महिन्यात चार चकरा होतात. आपल्या वस्तीचं क्लिनिक कोणतं, हे आशाताईंना विचारा. इथे त्यांना ‘आशा दीदी’ म्हणतात आणि पूर्ण वस्तीत कुणाच्या घरी कोण आजारी आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. माझ्या मते नव्या माणसाने कुठलंही कार्ड काढायच्या आधी आपल्या भागातल्या आशाताईंची ओळख काढावी. त्यांना सरकार मानधन देतं ते तुटपुंजं, त्यामुळे त्यांच्या वेळेची किंमत ठेवा.

मोठ्या कामासाठी: बाळंतपण आणि बायकांचे आजार यांना एमटीएच (महाराजा तुकोजीराव होळकर रुग्णालय) किंवा पी. सी. सेठी रुग्णालय, लहान मुलांना एमवायच्या आवारातलं चाचा नेहरू रुग्णालय, छाती आणि टीबीला मनोरमा राजे टीबी रुग्णालय, हृदय, किडनी, मेंदू यांसाठी सुपर स्पेशालिटी रुग्णालय, पण तिथे बहुधा दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जाणं सोयीचं. कुत्रा चावला तर हुकुमचंद पॉलिक्लिनिक. हे नाव रिक्षावाल्याला कळेलच असं नाही, ‘लाल अस्पताल’ म्हणा.

आणि वस्तीतला तो ‘डॉक्टर’, जो शंभर रुपयांत सुई टोचतो आणि बाटली चढवतो? त्याच्याकडे जाणाऱ्यांना रागावू नका. तो रात्री नऊला उघडा असतो, उधारी ठेवतो, नावाने हाक मारतो आणि खाडा होऊ देत नाही. आपण या चारपैकी एकही गोष्ट देत नाही. फक्त एवढं पटवा की सलाइनच्या बाटलीत मीठ-साखरेचं पाणी असतं, आणि प्रत्येक तापाला टोचलेली सुई खरा आजार झाकते.

पायरी ५: पगाराची चिठ्ठी बघा

ही पायरी कुणाच्या यादीत नसते, म्हणून मुद्दाम वेगळी लिहिते. चौकीदार, हाउसकीपिंगच्या बायका, पीथमपूर-सांवेर रोडच्या कारखान्यांतले ठेकेदाराचे कामगार, यांच्यातल्या अनेकांचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो आणि त्यांना ठाऊक नसतं. महिना २१ हजारांपर्यंत पगार आणि दहा किंवा जास्त माणसांची आस्थापना असेल तर हा लागू होतो. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. म्हणजे १२ हजार पगार असेल तर महिन्याला ९० रुपये. आमच्या चौकीदाराला वाटायचं हे वर्दीचे कापतात.

या ९० रुपयांत त्याला, बायकोला आणि मुलांना नंदानगरच्या ईएसआय रुग्णालयात आणि जोडलेल्या दवाखान्यात ओपीडी, औषध, भरती सगळं आहे. आयुष्मानमध्ये ओपीडी नसते हे लक्षात घ्या. शिवाय ठरावीक दिवसांचा हप्ता भरलेला असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. खाडा झाला तरी पैसे देणारी माझ्या माहितीतली ही एकमेव सोय, म्हणून मी हिला आयुष्मानच्याही वर ठेवते. ठेकेदाराकडून विमा क्रमांक आणि ओळखपत्र मागून घ्या. तो टाळाटाळ करत असेल तर पगाराची चिठ्ठी घेऊन ईएसआयच्या कार्यालयात जा, तिथे नोंद सापडते.

पायरी ६: रांगेत

ओपीडी उघडायच्या अर्धा-पाऊण तास आधी पोहोचा. सोमवार आणि सणानंतरचा दिवस टाळा. तुम्ही पर्चीच्या रांगेत उभे राहा, आजारी माणसाला बसवा. महाराष्ट्रात ज्याला केस पेपर म्हणतात ती इथली ‘पर्ची’, तपासणी म्हणजे ‘जांच’, आणि ‘छुट्टी कर दी’ म्हणाले तर सुट्टी नव्हे, डिस्चार्ज झाला. एका काकूंना छुट्टी ऐकून वाटलं डॉक्टर आज रजेवर आहेत. त्या फाइल तिथेच ठेवून घरी निघाल्या होत्या.

पर्ची हातात येताच तिचा मोबाइलवर फोटो काढा. डॉक्टरांसमोर आपण बोलू नये, आजारी माणसाने बोलावं. आपण कागद पुढे करावा आणि अडलं तिथेच तोंड घालावं. आत जाऊ का, हे आधी तिला विचारा. बाहेर पडायच्या आधी डॉक्टरांना तीन प्रश्न: कोणत्या तपासण्या आजच होतील? पुन्हा कोणत्या वारी आणि कोणत्या खोलीत यायचं? तोवर काय झालं तर लगेच यायचं? उत्तरं पर्चीच्या मागे लिहा. हे तीन प्रश्न विचारायला वीस सेकंद लागतात आणि किमान एक चक्कर वाचते.

औषधं आधी दवाखान्याच्याच खिडकीवर. मध्य प्रदेशात २०१२ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषध योजना आहे. ‘बाहर से ले लो’ म्हटलं तर गोडीने विचारा, याच्या बदली आतलं कुठलं चालेल? पुष्कळदा चालतं. नसेलच तर जनऔषधी केंद्र. तिथे कंपनीचं नाव नव्हे, औषधाचं मूळ नाव सांगावं लागतं, म्हणून डॉक्टरांकडून तेच मोठ्या अक्षरात लिहून घ्या. बऱ्याच गोळ्या निम्म्याहूनही कमी पैशांत मिळतात.

पायरी ७: भरती

आयुष्मानवर खासगी रुग्णालयात जायचं असेल तर दोन गोष्टी आधी फोनवर विचारा. तुम्ही योजनेत आहात का? आणि या आजारासाठी आहात का? हाडांसाठी योजनेत असलेलं रुग्णालय हृदयासाठी असेलच असं नाही, आणि पाटी मात्र एकच लावलेली असते. पोहोचल्यावर पैशांच्या खिडकीकडे न वळता आयुष्मान मित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं टेबल शोधा. मंजुरी येईपर्यंत ‘थोडे जमा करून ठेवा’ असं सांगतात. पुढे परत देऊ म्हणतात. योजनेतल्या उपचाराला रोख मागता येत नाही. मागितलं तर तिथूनच योजनेच्या हेल्पलाइनला, १४५५५ ला फोन लावा. मी एकदा एका नाव न घेण्याजोग्या ठिकाणी नुसता फोन कानाला लावला आणि ‘हां, योजना’ एवढंच म्हटलं, तर जमा करायची रक्कम आपोआप विसरली गेली. तुमच्याही बाबतीत तसंच होईल असं नाही, पण करून बघायला काय जातं.

भरतीच्या आधीचे तीन दिवस आणि घरी गेल्यानंतरच्या पंधरा दिवसांची औषधं याच पॅकेजात असतात. घरी सोडताना ती मागून घ्यायला लोक विसरतात. डिस्चार्जचा कागद पूर्ण वाचा, शिक्का आहे का बघा.

बाळंतपण, टीबी, कुत्रा

गरोदर बाईचं नाव तिसरा महिना संपायच्या आत अंगणवाडीत किंवा एएनएम सिस्टरकडे (आरोग्य केंद्राच्या परिचारिकेकडे) नोंदवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. सरकारी बाळंतपणात सिझेरियन, रक्त, औषध, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी यांना पैसे नाहीत. बाळ वर्षाचं होईपर्यंत त्याच्या आजारपणालाही नाहीत. शहरात जननी सुरक्षा योजनेचे १,००० रुपये, पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे ५,००० आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. हे सगळं बाईच्या स्वतःच्या खात्यात येतं, नवऱ्याच्या नाही. खातं नसेल तर सातव्या महिन्यापर्यंत थांबू नका.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडक्याची तपासणी करा. टीबीची औषधं फुकट असतात आणि नोव्हेंबर २०२४ पासून खुराकासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. आपल्या खानदेशी कुटुंबांची अडचण वेगळी आहे. दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं, कापूस वेचायला गावी जातात आणि गोळ्या सुटतात. निघायच्या आधी केंद्रावर सांगितलं तर नोंद गावाकडच्या केंद्राकडे पाठवता येते आणि औषध तिकडे मिळतं. गाडीत बसायच्या आधी हे करवून घेणं ही तुमची जबाबदारी समजा.

कुत्रा चावला की हळद नाही, तिखट नाही. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी पहिली लस. नंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. या चार तारखा कालनिर्णयवर गोल करून त्यांच्या घरी टांगून या. चौथी हमखास चुकते. जखम खोल असेल किंवा रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं इंजेक्शनही लागतं, ते मागून घ्या.

पायरी ८: अडलं तर

आधी तिथल्याच अधीक्षकांच्या किंवा मदत केंद्राच्या टेबलाशी जा. ओरडू नका. चिडलेल्या सोबत्याचा राग पुढच्या वेळी एकट्या आलेल्या रुग्णावर निघतो, हे मी पाहिलं आहे. नर्स आणि वॉर्डबॉय आपल्या बाजूचे असले तर अर्धं काम होतं, आणि त्यांचीही पाळी बारा तासांची असू शकते.

तरी हललं नाही तर १८१, मुख्यमंत्री हेल्पलाइन. फोन रुग्णाच्या किंवा तिच्या घरच्यांच्या नंबरवरून करा, तुमच्या नव्हे. नाहीतर पुढचे सगळे फोन तुम्हाला येतील आणि त्यांना काहीच कळणार नाही. दवाखाना, तारीख, वेळ, पर्चीचा क्रमांक आणि नेमकं काय नाकारलं, एवढंच सांगा. जुन्या तक्रारी त्याच दिवशी मिसळू नका. तक्रारीचा क्रमांक फाइलच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. खालच्या पायरीवर सुटली नाही तर ती आपोआप वरच्या अधिकाऱ्याकडे जाते, अशा चार पायऱ्या आहेत. काही दिवसांनी फोन येतो, ‘आप संतुष्ट हैं?’ पलीकडचा माणूस गोड बोलतो आणि आपल्या मावशींना कुणालाही नाही म्हणायची सवय नसते. तेव्हा आधीच शिकवून ठेवा, काम झालं नसेल तर ‘नहीं’ म्हणायचं आणि फोन ठेवायचा.